बुडालेल्या राष्ट्रीय विमान कंपनीची मालमत्ता स्वस्तवाली कंपनी घेते तेव्हा हातात नेमकं काय पडतं?

शिरोली_सीएनसी
(प्रश्न)

फौंड्री विकली तर काय विकलं हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहा पिणाऱ्या कुणालाही सांगता येतं: प्लॉट, शेड, फर्नेस, पॅटर्न, एचटी कनेक्शन आणि गिऱ्हाइकं. विमान कंपनीचा हिशेब मात्र लागत नाही. बातमीत येतं, बुडीत राष्ट्रीय कंपनीची मालमत्ता स्वस्त तिकिटाच्या अमक्या कंपनीने घेतली. पण विमानं भाड्याची, काउंटर विमानतळाचे, हँगरची जागा लीजची. मग पैसे मोजले कशाचे?

जाणकारांनी जरा उलगडून सांगावं. विमानं भाड्याची असतील तर ती नव्या कंपनीकडे येतात कशी? जुनी देणी, म्हणजे तिकिटांचे पैसे, पगार, सप्लायरची बिलं कुणाच्या डोक्यावर बसतात? आणि शेवटचा प्रश्न स्वार्थाचा. विमानतळावरचे ट्रॅक्टर, ट्रॉल्या, शिड्या, जनरेटर असलं सामान लिलावात निघतं म्हणे. शिरोली-गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपला त्यात बोली लावता येते का, आणि लावावी का?


उजळाईवाडीकर

शिरोलीकर, आधी दोन व्यवहार वेगळे काढा. कंपनी घेणं वेगळं आणि कंपनीतलं सामान घेणं वेगळं. बातमीवाले दोन्हींना 'विकत घेतली' म्हणतात, घोळ तिथंच होतो.

एअर इंडियाचा व्यवहार पहिल्या जातीचा. ८ ऑक्टोबर २०२१ ला टाटांच्या टॅलेस कंपनीची १८,००० कोटींची बोली जाहीर झाली, ताबा २७ जानेवारी २०२२ ला गेला. त्या १८,००० मध्ये रोख फक्त २,७०० कोटी. उरलेले १५,३०० कोटी म्हणजे अंगावर घेतलेलं कर्ज. कंपनी तीच, परवाना तोच, भाडेकरार तेच, माणसं तीच, फक्त शेअरचा मालक बदलला. दुसरी बोली १५,१०० कोटींची होती आणि ती स्पाइसजेटचे अजय सिंह यांच्या गटाची, म्हणजे तुमच्या प्रश्नातली गोष्ट आपल्याकडेही घडता घडता राहिली. अशा व्यवहारात घरातली भांडणंसुद्धा घराबरोबर येतात, म्हणून विकणाऱ्याला आधी घर झाडावं लागतं. एअर इंडियावर ऑगस्ट २०२१ अखेर ६१,५६२ कोटींचं कर्ज होतं. त्यातलं ४६,२६२ कोटी सरकारने एका वेगळ्या होल्डिंग कंपनीत हलवलं आणि जमिनी-इमारतीही तिकडेच टाकल्या. नरिमन पॉइंटची इमारत राज्य सरकारने पुढे १,६०१ कोटींना ठरवली ती या होल्डिंग कंपनीकडून, टाटांकडून नव्हे.

स्वस्त कंपन्यांना सहसा ही जात नको असते. त्यांना दुसरी हवी असते: पाहिजे तेवढं उचलायचं, बाकी अवसायकाकडे, म्हणजे बुडीत कंपनी मोडीत काढणाऱ्याकडे, सोडायचं. एअर बर्लिन राष्ट्रीय कंपनी नव्हती, जर्मनीतली दुसऱ्या नंबरची होती, पण नमुना म्हणून चांगली. १५ ऑगस्ट २०१७ ला तिने दिवाळखोरी जाहीर केली. इझीजेट या स्वस्त कंपनीने ४ कोटी युरो मोजून बर्लिनच्या टेगल विमानतळावरचे स्लॉट आणि जास्तीत जास्त २५ ए३२० विमानांचे भाडेकरार घेतले. विमान एकही विकत घेतलं नाही.

पैसे प्रामुख्याने स्लॉटचे असतात. गर्दीच्या विमानतळावर अमुक वाजता उतरण्याचा आणि अमुक वाजता उडण्याचा हक्क म्हणजे स्लॉट. हंगामात ८० टक्के वापरला तर पुढच्या वर्षी त्याच हंगामात तुमचाच, त्याहून कमी वापरला तर गेला. म्हणून बुडणाऱ्या कंपनीच्या बाबतीत घड्याळ चालू असतं. विमानं जमिनीवर बसली की स्लॉट नासायला लागतात, दुधासारखे. ब्रिटनमध्ये मोनार्क ही विमान कंपनी २ ऑक्टोबर २०१७ ला बंद पडली. तिच्या दिवाळखोरी प्रशासकाने कोर्टात भांडून स्लॉटवरचा हक्क मिळवला आणि गॅटविकचे स्लॉट विकले. ब्रिटनचीच थॉमस कुक बुडाल्यावर इझीजेटने गॅटविक आणि ब्रिस्टलच्या स्लॉटसाठी ३.६ कोटी पौंड दिले.

हे गणित भारतात चालत नाही. आपल्याकडे स्लॉट ही कंपनीची विकाऊ मालमत्ता धरत नाहीत. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली तेव्हा मुंबई-दिल्लीचे मिळून सुमारे ४४० स्लॉट रिकामे झाले. मंत्रालयाने ते तात्पुरते म्हणून इतर कंपन्यांना वाटले, त्या वेळी जेटच्या तिजोरीत त्याचा एक रुपया आला नाही. पुढे जेट पुन्हा उडवू म्हणणाऱ्यांची पहिली अडचण हीच झाली.

आणि कधीकधी सगळ्यात स्वस्त खरेदी म्हणजे काहीच न घेणं. हंगेरीची राष्ट्रीय कंपनी मालेव ३ फेब्रुवारी २०१२ ला बंद झाली. रायनएअर आणि विझ एअर या स्वस्त कंपन्यांनी तिचं काही विकत न घेता बुडापेस्टमध्ये त्याच महिन्यात विमानं वाढवली. प्रवासी कुठं जाणार? आयतेच मिळाले.


फेरफार_नोंद

वरचं स्लॉटचं बरोबर. विमानांच्या बाजूचं सांगतो, कारण पैसा बुडतो तो इथं.

भाड्याचं विमान बुडालेल्या कंपनीकडून नव्या कंपनीकडे थेट येत नाही. मालक असते विमानं भाड्याने देणारी कंपनी, बहुतेक आयर्लंडमध्ये नोंदलेली. ती आधी विमान सोडवून घेते, नोंदणी रद्द करते आणि मग नव्या गिऱ्हाइकाशी नवा करार करते. जेटची अनेक ७३७ विमानं स्पाइसजेटकडे गेली ती अशीच, मालकांच्या मार्फत. सोडवून घेण्याच्या कागदाला आयडेरा म्हणतात. भाडेकरूने करार करतानाच सही करून दिलेलं कुलमुखत्यारपत्र समजा: 'मी पैसे थकवले तर मला न विचारता नोंदणी रद्द करा.'

हे कागदावर छान दिसतं. गो फर्स्ट ही आपली स्वस्त कंपनी बुडाली तेव्हा भारतात ते अडकलं. कंपनी २ मे २०२३ ला स्वतःहून दिवाळखोरीत गेली, १० मे रोजी एनसीएलटीने, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणाने, अर्ज दाखल करून घेतला आणि आयबीसी या दिवाळखोरी कायद्याच्या कलम १४ ची स्थगिती लागली. त्या स्थगितीत मालकालाही स्वतःची वस्तू नेता येत नाही. ५४ विमानं उभी राहिली. ३ ऑक्टोबर २०२३ ला केंद्राने अधिसूचना काढून विमानं आणि इंजिनं स्थगितीतून वगळली, तरी नोंदणी रद्द व्हायला दिल्ली उच्च न्यायालयाचा २६ एप्रिल २०२४ चा आदेश लागला. म्हणजे जवळजवळ वर्ष. २०२५ मध्ये संसदेने विमान-वस्तूंमधील हितसंबंध संरक्षणाचा कायदा केला तो हेच दुखणं काढायला.

आता एक वर्ष उभ्या राहिलेल्या विमानाचं काय होतं ते बघा. पार्किंगची देखभाल ७, १५, ३० दिवसांच्या टप्प्यांनी करायची असते. चाकं फिरवायची, नाहीतर टायर एका जागी चपटे होतात. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांवर झाकणं, नाहीतर कुंभारमाशी घर करते. इंजिन ठरलेल्या मुदतीत चालवायचं किंवा तेल घालून, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टाकून सीलबंद करायचं. टाकीतल्या इंधनात पाणी साठलं की बुरशी धरते, ती काढायला टाकी उघडावी लागते. पगार थकलेल्या कंपनीत ही कामं कोण करणार? शिवाय कंपनी शेवटच्या घटका मोजत असताना उभ्या विमानातले भाग काढून उडणाऱ्यात बसवलेले असतात. हँगरमध्ये याला सरळ 'रॉबरी' म्हणतात. तो भाग कुठल्या विमानातून कुठं गेला याची नोंद अर्धवट राहिली की पुढचे सहा महिने कागद जुळवण्यात जातात.

आणि कागद हाच माल आहे. शिरोलीकर, तुमच्या भाषेत सांगायचं तर हीट नंबर आणि टेस्ट सर्टिफिकेट नसलेलं कास्टिंग ऑटोमोबाइलवाला घेईल का? इंजिनातल्या फिरत्या डिस्कना ठराविक आयुष्य असतं, उड्डाणांच्या संख्येत मोजलेलं. सीएफएम५६ सारख्या इंजिनात उच्च दाबाच्या भागातल्या डिस्कची मर्यादा साधारण २०,००० उड्डाणं, पुढच्या पंख्याकडच्या भागाची ३०,००० पर्यंत. अशा प्रत्येक डिस्कचा इतिहास कारखान्यातून बाहेर पडल्यापासून आजपर्यंत सलग लागतो: कुठल्या इंजिनात, कुठल्या कंपनीकडे, किती उड्डाणं. सातबाऱ्यावर फेरफारांची साखळी असते तशी. मधला एक फेरफार सापडला नाही तर पुढचे सगळे संशयात, आणि लाखो डॉलरची डिस्क वजनावर भंगारात.

हिशेब कसा करायचा ते एका उदाहरणात. डिस्कची मर्यादा २०,०००, वापर झाला १७,५००. उरली २,५००. स्वस्त कंपनी विमान दिवसाला ६ वेळा उडवते, म्हणजे ४१६ दिवस. सव्वा वर्षाच्या आत इंजिन उतरवून दुरुस्तीच्या शॉपला पाठवायचं. राष्ट्रीय कंपनी तेच विमान दिवसाला तीनदा उडवत असेल तर तिला तीच डिस्क सव्वादोन वर्षं पुरली असती. घेणाऱ्याने भाड्याचा दर बघून हुरळून जाऊ नये, उरलेल्या उड्डाणांनी भागून बघावं.

पुढचा खर्च केबिनचा. राष्ट्रीय कंपनीच्या ए३२० मध्ये बिझनेस क्लास धरून १५० च्या आसपास सीटा असतात, स्वस्त कंपनीला १८० हव्यात. सीट काढून सीट बसवली असं होत नाही. रांगा सरकल्या की डोक्यावरच्या ऑक्सिजन पेट्या सरकवायच्या, जमिनीवरच्या उजेडाच्या पट्ट्या बदलायच्या, लाइफ जॅकेट वाढवायचे, मान्यताप्राप्त डिझाइनचा कागद घ्यायचा, विमान पुन्हा वजनकाट्यावर चढवायचं. दर ५० सीटांमागे एक केबिन क्रू हा नियम, त्यामुळे १५० ला ३ माणसं पुरायची तिथं १८० ला ४ लागतात. वर दोन कंपन्यांचं देखभालीचं वेळापत्रक वेगळं असतं, जुन्या वेळापत्रकातून नव्यात यायला जोड-तपासणी करावी लागते. इझीजेट टेगलहून ५ जानेवारी २०१८ ला उडायला लागली ती पहिल्या हंगामात बरीचशी दुसऱ्यांची विमानं वैमानिकासकट भाड्याने घेऊन, कारण स्लॉट आज वापरायचे होते आणि एअर बर्लिनची विमानं स्वतःच्या साच्यात बसवायला वेळ लागणार होता.

इंजिन किंवा विमानाची जात वेगळी असेल तर मात्र विषयच सोडावा. ७३७ चालवणाऱ्या कंपनीने ए३२० घेतलं तर वैमानिक, सिम्युलेटर, सुटे भाग, इंजिनिअरांचे परवाने, सगळं दुहेरी. स्वस्तपणाचा पाया एकाच जातीचा ताफा हा आहे, तोच उखडतो.


दसरा_चौक

ब्रँड राहिला की. नावाला पण किंमत असते.


उजळाईवाडीकर

असते, पण विकणाऱ्याला वाटते तेवढी नाही. इटलीची बुडालेली राष्ट्रीय कंपनी अलिटालिया, तिचं नाव लिलावात २९ कोटी युरोंपासून सुरू झालं होतं. गिऱ्हाईक मिळेना. शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी आलेल्या आयटीए एअरवेजने ९ कोटींना घेतलं आणि विमानांवर स्वतःचंच नाव रंगवलं. नाव घेतलं ते दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून, असं मला वाटतं. स्वस्त कंपनीला तर परक्या नावाचा उपयोगच नाही, तिचं तिकीट नावावर खपत नसतं.

याच अलिटालियाभोवती आधी रायनएअर घुटमळली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये स्वतःच्याच वैमानिकांच्या रजेचा घोळ होऊन हजारो उड्डाणं रद्द करावी लागली, तेव्हा तिने नाद सोडला. इझीजेटही बोलणी करून मार्च २०१९ मध्ये मागे हटली. 


कलम_५३

देण्यांचा प्रश्न मागे पडला, तो घेतो.

शेअर घेतले तर देणी आली, हे वर आलंच आहे. मालमत्ता तेवढी घेतली तर सर्वसाधारणपणे देणी जुन्या कंपनीतच राहतात आणि विक्रीतून आलेली रक्कम देणेकऱ्यांत वाटली जाते. वाटपाचा क्रम आपल्याकडे आयबीसीच्या कलम ५३ मध्ये आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग एकाच पायरीवर कामगारांचे २४ महिन्यांचे थकीत वेतन आणि तारण असलेल्या बँका. मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे. मग विनातारण वित्तीय कर्ज. मग सरकारी देणी. मग उरलेले सगळे. तिकीट काढलेला प्रवासी, ट्रॅव्हल एजंट आणि बिल थकलेला सप्लायर या 'उरलेल्या' रांगेत असतात. त्यांच्यापर्यंत ताट येईतो पोळ्या संपलेल्या असतात.

तरी दावा दाखल करावाच. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की सप्लायरचा फॉर्म बी, कामगाराचा फॉर्म डी. जाहीर सूचनेतली तारीख पाळा. पुढे कंपनी अवसायनात गेली तर दावा पुन्हा मागवतात, तिथं सप्लायरचा फॉर्म सी आणि मुदत ३० दिवस. पहिला भरलाय म्हणून दुसरा सोडणारे बरेच असतात. बिल, चलन, माल पोचल्याची सही आणि ई-मेलवरची थकबाकीची कबुली एवढं जोडलं तर दावा सहसा अडत नाही. प्रवाशाने कार्डाने पैसे भरले असतील तर आधी बँकेकडे चार्जबॅक मागावा, तो रस्ता जवळचा.

'देणी मागे राहतात' या वाक्याला दोन खिळे आहेत. पहिला कामगारांचा. जेटच्या पुनरुज्जीवनाची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. घेणाऱ्यांनी पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा पूर्ण बोजा धरला नव्हता. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने तो द्यायला लावला, जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. योजना शेवटपर्यंत उभी राहिली नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश दिला. दुसरा खिळा युरोपातला: सरकारने बेकायदा दिलेली मदत नव्या मालकाकडून वसूल होऊ शकते, जर नवी कंपनी म्हणजे जुनीचंच दुसरं नाव असेल तर. अलिटालियाला मिळालेलं ९० कोटी युरोंचं कर्ज युरोपीय आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये बेकायदा ठरवलं. आयटीए त्यातून सुटली, कारण तिने ५२ विमानं आणि सुमारे २,८०० माणसांवर लहान सुरुवात केली आणि प्रवाशांच्या पॉइंटची जुनी योजना घेतली नाही. म्हणजे तुटलेपण दाखवण्यासाठी मुद्दाम कमी घ्यावं लागतं.

एअरलाइनचा परवाना विकत मिळत नाही, हेही लिहून ठेवा. हा परवाना, म्हणजे एओसी, त्या कंपनीच्या माणसांना, कार्यपद्धतीला आणि ताफ्याला दिलेला असतो. परदेशी मार्गांचे हक्कही देशाने कंपनीला नेमून दिलेले असतात, मालकी आणि ताबा त्या देशाच्या नागरिकांचा हवा या अटीवर. परदेशी स्वस्त कंपनीने दुसऱ्या देशाची राष्ट्रीय कंपनी घेतली तर हे हक्क हातातून निसटतात. अपवाद युरोपीय संघाच्या आतला.


शिरोली_सीएनसी

लय भारी माहिती, आभार. फेरफाराचं उदाहरण डोक्यात पक्कं बसलं. पण ट्रॉल्या-ट्रॅक्टरचं कुणी बोललंच नाही. लिलावात उतरायचं तर कसं आणि काय बघून?


टो_बार

घ्या, हा माझ्या हद्दीतला.

लिलाव ऑनलाइन होतो. अवसायकाच्या जाहिरातीत लॉट, राखीव किंमत आणि अनामत दिलेली असते, अनामत राखीव किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत. पॅन, जीएसटी, केवायसी आणि आयबीसीच्या कलम २९अ खाली अपात्र नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. पहिल्या फेरीत गिऱ्हाईक आलं नाही तर पुढच्या फेरीत राखीव किंमत २५ टक्क्यांपर्यंत उतरवता येते, म्हणून जुन्या ट्रॉल्यांसाठी पहिल्याच फेरीत घाई नको. जिंकलात तर उरलेले पैसे ३० दिवसांत भरा. ९० दिवसांपर्यंत मुदत असते पण ३० नंतर १२ टक्के व्याज. बोली जीएसटी सोडून धरलेली असते, हिशेबात तो मिळवा.

'जसं आहे, जिथं आहे' या चार शब्दांत सगळं दुखणं आहे. सामान विमानतळाच्या आतल्या बाजूला उभं असतं. तिथून बाहेर काढायला विमानतळ चालकाचा गेटपास लागतो आणि जुन्या कंपनीने त्याचं भाडं थकवलेलं असतं. 'थकबाकीसाठी माल अडवणार नाही' असं विमानतळाकडून लेखी आलंय का, हे अवसायकाला बोलीआधी ई-मेलवर विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका. सामान परदेशातून आणलेलं असेल तर कस्टमचे कागद मागा. आतले ट्रॅक्टर आरटीओत नोंदलेले नसतात, विमानतळाच्या आतल्या परवान्यावर चालतात. हायवेवर ते चालवायचे नाहीत आणि ट्रॉली मागे जोडून ओढायचीही नाही. मुंबईहून शिरोलीला लो-बेड ट्रेलर, क्रेन दोन्हीकडे. हे भाडं धरल्यावर बरेच लॉट परवडेनासे होतात.

काय घ्यावं? सामानाच्या साध्या ट्रॉल्या आपल्या लोकांसाठी सगळ्यात बऱ्या. चौकट, टर्नटेबल, हुक, भरीव टायर. बघायचं टर्नटेबलचं बेअरिंग आणि हुकाच्या डोळ्याची झीज, बाकी वेल्डिंगचं काम. कारखान्यात माल हलवायला किंवा दुरुस्त करून ग्राउंड हँडलिंगवाल्यांना विकायला चालतात.

बॅटरीचे ट्रॅक्टर: वर्षभर चार्ज न झालेली ८० व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी मेलेली समजा आणि शिशाच्या भावाने धरा. ती बॅटरी नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यावी लागते.

जनरेटरमध्ये फसगत हमखास. विमानाला वीज देणारं यंत्र ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झचं असतं. आपल्या कारखान्यात ५० हर्ट्झ. ९० केव्हीए वाचून कुणी शेडसाठी घेतला तर अल्टरनेटर टाकूनच द्यावा लागेल. डिझेल इंजिन चांगलं असेल तर तेवढ्यापुरती बोली लावा.

शिड्या घेऊ नका. ए३२० चं दार जमिनीपासून सुमारे साडेतीन मीटर उंच असतं, शिडी त्या उंचीची, हायड्रॉलिक गळकं. दुसरा उपयोग नाही.

टो-बारबद्दल जरा थांबून बोलतो, कारण उद्यमनगरात कुणालाही मोह होईल असं हे काम आहे. विमान ढकलायच्या दांड्याच्या तोंडाशी शिअर पिन असतात, बोटाएवढ्या. ड्रायव्हरने जास्त वळवलं किंवा झटका दिला तर पिन तुटायचीच असते, म्हणजे नाकाखालचं चाक वाचतं. पिनेचं धातूचं ग्रेड, हीट ट्रीटमेंट आणि मधल्या खाचेचा व्यास यावर ती किती जोरावर तुटणार हे ठरतं. लिलावातल्या टो-बारला बऱ्याचदा पिना नसतात, किंवा कुणीतरी ईएन८ पोलादाच्या सळईतून लेथवर काढून घातलेल्या असतात. दिसायला तंतोतंत. झटका बसला की पिन तुटत नाही आणि सगळा जोर लँडिंग गिअरवर जातो. कोटीत जाणारी दुरुस्ती, तीही नशीब असेल तर. टो-बार दुरुस्त करून विकायचा तर पिना मूळ निर्मात्याच्याच, पार्ट नंबर आणि सर्टिफिकेटसकट. नाहीतर तोंड कापून उरलेला पाइप वजनावर घ्या.


फेरफार_नोंद

टो_बार यांच्या पिनेला जोडून एक. लिलावात विमानाचे सुटे भागही 'मिश्र स्टोअर्स' म्हणून खोक्यांनी निघतात. त्याच्या नादी लागू नका. रिलीज सर्टिफिकेट नसेल तर तो भाग विमानात बसत नाही. रबरी सील, सीलंट, तेल यांना मुदत असते. ऑक्सिजन जनरेटर, स्लाइडच्या गॅसच्या बाटल्या, बॅटऱ्या धोकादायक मालात मोडतात, ट्रकवाला साध्या बिल्टीवर नेणार नाही. खोक्यावर 'सर्व्हिसेबल' चिठ्ठी असली तरी आतल्या भागाचा सिरियल नंबर चिठ्ठीशी जुळवून बघा.


दसरा_चौक

हे सगळं ठीक आहे हो, पण असल्या व्यवहारातून कोल्हापूरला एखादं जास्तीचं विमान मिळतं का, तेवढं सांगा.


उजळाईवाडीकर

ए३२० च्या व्यवहारातून नाही. आपली धावपट्टी १,३७० मीटरची १,९३० झाली, पण विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी हवा विरळ, तेव्हा भरलेलं ए३२० इथून काढायचं तर माणसं किंवा इंधन कमी करावं लागेल, आणि १८० सीटा भरल्याशिवाय स्वस्त कंपनीचं पोट भरत नाही. आपल्याला लागू पडतात एटीआर आणि एम्ब्राएर ही छोटी विमानं. एटीआर ७२ ला भरलेल्या वजनावर १,३०० ते १,४०० मीटरच्या आसपास पुरतात, ते समुद्रसपाटीवर. शिडीही त्याच्याच दारात असते. स्टार एअर, म्हणजे आपल्या घोडावतांची कंपनी, ५० सीटांची एम्ब्राएर १४५ आणि ७६ सीटांची ई१७५ वापरते.

म्हणून बातमी वाचताना एवढं बघा: विक्रीत छोटी विमानं कुणाकडे गेली. एअर इंडिया विकली तेव्हा एटीआर चालवणारी अलायन्स एअर टाटांकडे गेली नाही, सरकारी होल्डिंग कंपनीतच राहिली. कोल्हापूरहून हैदराबाद-बेंगळुरूला उडणारी तीच होती.

दुसरं म्हणजे मुंबईचा स्लॉट. कोल्हापूर-मुंबईवर ट्रूजेट होती, ती २०२२ मध्ये बंद पडली, नंतर स्टार एअर आली. या मार्गावर विमान मिळवणं सोपं, मुंबईत सकाळी उतरायची वेळ मिळवणं अवघड. त्यामुळे मोठी कंपनी बुडून मुंबईत स्लॉट रिकामे झाले की त्या आठवड्यात मागणी लावायची असते. जेटच्या वेळी वाटप काही आठवड्यांतच झालं होतं. व्यापाऱ्यांच्या चेंबरने किंवा खासदारांनी पत्र लिहायचं असेल तर ते नुसतं 'कोल्हापूरला विमान द्या' असं नको. विमानाचा प्रकार, आठवड्याचे वार आणि मुंबईत उतरायची तासाची खिडकी घालून लिहावं. सकाळी ७ ते ९ नाही मिळाली तर ११ च्या आत चालेल का, हेही त्याच पत्रात.


शिरोली_सीएनसी

ट्रॉल्यांचाच लॉट बघतो. पाहणीच्या दिवशी टर्नटेबलला जॅक लावू देतात का हो, टो_बार?


टो_बार

आधी ई-मेल टाकून ठेवलात तर देतात. जॅक त्यांच्या माणसाच्या हातून लावून घ्या आणि ट्रॉलीच्या चौकटीवर ठोकलेला नंबर फोटोत येऊ द्या, लॉटच्या यादीशी जुळवायला. आत जायचा पास आधारवर निघतो, दोन-तीन दिवस आधी नावं कळवावी लागतात.